ओट्याआधी ती पॉलिसी परत करा

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ६१, साखर कारखान्याच्या कार्यालयातून निवृत्त, ईपीएसची पेन्शन महिना ३,४०० रुपये. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २६ लाख आले, त्यातले २१ लाख बचत खात्यात पडून आहेत. कडप्प्याचा जुना ओटा काढायचा आहे. नवा ग्रॅनाइटचा ३५ हजारांत होतो, क्वार्ट्झचा ८० हजारांत. ट्रॉल्या, चिमणी धरून दीड लाखाचं पर्सनल लोन बँक १४ टक्क्यांनी देते आहे. टिकाऊ काय आणि लोन घ्यावं का, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

पण पत्राच्या शेवटी त्या लिहितात: 'राहिलेले ५ लाख बँकेतल्या मॅडमनी एफडीसारख्या योजनेत एकदाच भरून घेतले. १२ टक्के पक्के आहेत. तीन आठवड्यांपूर्वी कागद आले, त्यावर दहा वर्षं हप्ता दिसतो, पण ती नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणाल्या.'

ताई, ती फॉर्मॅलिटी नाही, तो करार आहे. तुम्हाला एफडी म्हणून विमा पॉलिसी विकली गेली आहे आणि तिचा हप्ता दरवर्षी ५ लाख आहे. दहा वर्षांचे ५० लाख होतात. तुमच्याकडे उरलेत २१. आणखी चार हप्त्यांत खातं रिकामं होईल आणि पाच हप्ते तरीही बाकी असतील. मध्येच थांबलात तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग हातचा जाईल. आणि खात्रीचे १२ टक्के आज कुठलीही बँक किंवा विमा कंपनी देत नाही. अशा पारंपरिक पॉलिसीचा परतावा ५-६ टक्क्यांच्या आसपास बसतो. निवृत्तीच्या पैशांवर डोळा ठेवून असं विकणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च एवढंच कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमच्याकडे जेमतेम आठवडा आहे. उद्याच अर्ज लिहा, 'एकदाच भरायचे असं सांगून दरवर्षीच्या हप्त्याची पॉलिसी दिली' हे त्यात स्पष्ट लिहा आणि विमा कंपनीच्या शाखेत देऊन तारखेसह पोच घ्या. कंपनीला ईमेलही करा. बँकेत गेलात तर 'तीन वर्षं थांबा, आत्ता परत केलीत तर नुकसान होईल' असं ऐकवतील. थांबू नका. पॉलिसी देताना खात्री करायला कंपनीचा फोन येतो, त्यावर सगळ्याला 'हो' म्हणायला कुणी सांगितलं होतं का? असेल तर तेही लिहा. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

बचत खात्यातले २० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या दर ८.२ टक्के आहे, खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. तिमाहीला ४१,००० येतील. पेन्शन धरून महिन्याला १७ हजारांच्या घरात. परत येणाऱ्या ५ लाखांतले चारेक लाख आजारपणासाठी साध्या एफडीत ठेवा.

लोन अजिबात नको, उरलेल्या दोनेक लाखांत ओटा, ट्रॉल्या, चिमणी होऊन जाईल. तीन वर्षांचं घेतलंत तर व्याजच ३५ हजार होतं, म्हणजे ग्रॅनाइटचा अख्खा ओटा त्या व्याजात झाला असता. स्वतःचे पैसे बचत खात्यात जेमतेम तीन टक्क्यांवर ठेवून चौदा टक्क्यांनी उसने घ्यायला जे सांगतात, त्यांनी तुमचा विचार केलेला नाही.

आता ओटा. काळा ग्रॅनाइट घ्या. चुलीवरून उतरवलेली कढई, भाकरीचा तवा त्याला सोसतो. क्वार्ट्झमध्ये दगडाची भुकटी रेझिनने बांधलेली असते. त्यावर हळदीचा डाग सहसा मुरत नाही हे खरं, पण गरम भांडं थेट ठेवलं तर रेझिन करपून कायमचा डाग राहतो. शिवाय त्यात सिलिका फार. कापणाऱ्यांच्या फुफ्फुसांचं नुकसान पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, तेव्हा कारागिराला पाणी मारूनच कापायला सांगा. संगमरवराकडे वळू नका, लिंबू-चिंचेने त्याची चकाकी जाते.

स्वस्त काळा दगड कधीकधी रंगवलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात चोळा, फडकं काळं झालं तर तो दगड नको. आणि ३५ हजारांत कडेचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग, जुना ओटा फोडून राडारोडा उचलणं धरलं आहे का, ते कामाआधी लिहून घ्या.