निकाल उशिरा लागला, हप्ता मात्र आधीच सुरू झाला

प्रश्न : मी बार्शीची. 2019 मध्ये इंजिनिअरिंगसाठी राष्ट्रीयीकृत बँकेकडून 5 लाख 60 हजारांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, वडील सहकर्जदार. कोर्स जून 2023 मध्ये संपायचा होता, पण दोन विषय राहिले. ते हिवाळी परीक्षेत सुटले आणि निकाल फेब्रुवारी 2024 मध्ये लागला. नवी मार्कशीट मी शाखेत नेऊन दिली, तेव्हा 'होऊन जाईल' असं सांगितलं गेलं. तरीही जुलै 2024 पासून हप्ते लागले आणि खातं थकीत दिसू लागलं. मार्च 2025 मध्ये नोकरी लागल्यावर मी मागची बाकीही भरली. आता धाकट्या भावाच्या फार्मसीच्या कर्जासाठी गेलो, तर वडिलांचं सिबिल खराब म्हणून अर्ज परत आला. बँक म्हणते, पदवी डिजिलॉकरमधून दाखवा. तिथे ती दिसत नाही, कारण मार्कशीटवर माझं आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी. माझ्यामुळे भावाचं वर्ष जाईल का?

उत्तर : ताई, 'माझ्यामुळे' हा शब्द आधी काढून टाका. तुमचा निकाल विद्यापीठाच्या नोंदीत बदलला, पण बँकेच्या नोंदीत पोचला नाही. गाठ तिथे बसली आहे आणि ती सुटण्यासारखी आहे.

सगळ्यात आधी कर्जाचं मंजुरीपत्र काढा आणि परतफेडीचं कलम शब्दन् शब्द वाचा. 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून एक वर्षाने हप्ता सुरू' असं लिहिलं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. निकाल फेब्रुवारी 2024 चा, म्हणजे मोरॅटोरियम (हप्ता सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत) फेब्रुवारी 2025 पर्यंत आणि पहिला हप्ता मार्चमध्ये. तुम्ही मार्चपासूनच भरताय, म्हणजे थकबाकी झालीच नव्हती. बँकेने निकालाऐवजी डिसेंबरची परीक्षा धरली, तरी मागे पडतात ते फार तर दोन हप्ते. खातं एनपीए (बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज) व्हायला 90 दिवसांहून जास्त थकबाकी लागते, तेवढी ती होत नाही.

पत्रात थेट 'जुलै 2024' अशी तारीख छापली असेल, तर मात्र वाट अवघड आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्स वेळेत पूर्ण झाला नाही, तर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ देता येते. पण 'देता येते' म्हणजे 'द्यावीच लागते' असं नाही. मग तुमची मागणी अशी राहील : मुदतवाढ त्या वेळेपासून धरा आणि त्यानुसार नोंद सुधारा. त्यासाठी तुम्ही वेळेत कळवलं होतं, हे दाखवावं लागेल. मार्कशीट दिल्याची पोच घेतली नव्हती ना? बहुतेक जण घेत नाहीत. तरी शाखेतल्या अधिकाऱ्याला केलेला एखादा मेसेज किंवा ई-मेल सापडतो का बघा आणि मोबाईल बदलू नका. पुढे प्रकरण वाढलं, तर तो मजकूर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येतो.

आता सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं. वडील सहकर्जदार आहेत, म्हणून तुमच्या कर्जाची थकबाकी त्यांच्याही नावावर दिसते. बँका कर्जदारांची माहिती सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना एकाच ठरलेल्या नमुन्यात पाठवतात. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये तो नमुना सगळ्यांना सारखा केला. कर्जदाराचं नाव, पॅन, किती दिवस थकीत, प्रत्येकाचा रकाना ठरलेला. त्यामुळे बँकेत पडलेली चूक चारही ठिकाणी जशीच्या तशी उमटते. कॉलेज आणि बँक यांच्यामध्ये मात्र असा नमुना नाही. तिथे अजून झेरॉक्स चालते, आणि ती फाईलला लागली तरी संगणकातली तारीख कोणी बदलेलच असं नाही. अमेरिकेत विद्यार्थी शिकतोय की नाही, हे कॉलेजांनी साधारण दर 60 दिवसांनी सरकारी कर्जनोंदणीला कळवायचं असतं आणि हप्त्याची तारीख त्यावर हलते. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अशा प्रकरणांत मुलीच स्वतःला दोष देत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे. क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या 2005 च्या कायद्यात कलम 19 नुसार माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारी बँकेवरही आहे आणि त्या कंपन्यांवरही. कलम 21 नुसार दुरुस्ती मागता येते आणि 30 दिवसांत त्यावर कारवाई व्हावी लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने याला पैशाची धार लावली : 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. बँकेने 21 दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही, तर ती बँकेने द्यायची. 75 व्या दिवशी काम झालं, तर 45 दिवसांचे साडेचार हजार तुमचे. रक्कम लहान आहे, पण तारखा मोजल्या जाताहेत हे दिसलं की फाईल हलते. फक्त 'स्कोअर कमी का' एवढीच तक्रार करू नका, त्यावर ही भरपाई नाही. जुलै 2024 ते फेब्रुवारी 2025 या महिन्यांची थकबाकीची नोंद चुकीची आहे, असं महिनावार लिहा.

त्याआधी चारही कंपन्यांचे अहवाल मागवा, तुमचे आणि वडिलांचे. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मग बँकेला एकच पत्र द्या : मंजुरीपत्रातलं कलम, निकालाची तारीख, कॉलेजचं कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आणि अहवालातली चुकीची पानं. त्या काळात दंड आकारला असेल, तर तोही परत मागा. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हीच तक्रार त्या कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्मवरही टाका. 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाची घाई करू नका. तिथे प्रकरण सुरू झालं की लोकपालाचं दार बंद होतं, रोजच्या भरपाईचा दावाही अडतो.

कॉलेज पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार ती असावीच लागते.

नावाचं ऐका. क्रम वेगळा असणं म्हणजे नाव बदलणं नव्हे, तेव्हा गॅझेटमध्ये नावबदल छापून आणण्याच्या मागे लागू नका. आपल्या मार्कशीटवर आडनाव, स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव. संगणकाच्या पहिल्या रकान्यात आडनाव बसतं, आधारच्या पहिल्या रकान्यात तुमचं नाव असतं, आणि यंत्राला त्या दोन मुली वाटतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आधारची प्रत जोडून अर्ज करा आणि राष्ट्रीय शैक्षणिक संग्रहात, म्हणजे डिजिलॉकरमध्ये जाणारी नोंद आधारप्रमाणे मागा. तोवर बँकेला मूळ मार्कशीट आणि 'दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र द्या. डिजिलॉकरमध्ये पदवी दिसत नाही, म्हणून मूळ कागद खोटा ठरत नाही.

भावाच्या प्रवेशासाठी हे सगळं संपायची वाट पाहू नका. त्याचं कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का, ते आजच बघा. असेल, तर तिथे तारण किंवा जामीनदार लागत नाही. यादीत नसेल, तर बँकेकडे नकाराचं कारण लेखी मागा आणि नव्या अर्जासोबत दुरुस्तीच्या तक्रारीची शिक्का मारलेली प्रत जोडा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये विद्यार्थ्याचा कमी स्कोअर हे शैक्षणिक कर्ज नाकारायला पुरेसं कारण नाही, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या बँकेवर तो निकाल बंधनकारक नाही आणि तुमचा प्रश्न वडिलांच्या स्कोअरचा आहे, तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. मंजुरीपत्रातलं ते एक कलम फोटो काढून मला पाठवा, म्हणजे पत्राचा मजकूर कुठल्या बाजूने लिहायचा ते सांगता येईल.