वाचकांचे प्रश्न: डिझेल व्हॅनचं ऑइल घरी बदलताना

व्हॅनच्या पुस्तिकेत ‘५डब्ल्यू-३०, एसीईए सी३’ असं दिलंय. मला ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक मिळालं, पण डब्यावर ‘ए३/बी४’ आहे. दाटपणा तोच, मग टाकायला काय हरकत आहे?

गाडीला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर टाकू नका. ५डब्ल्यू-३० हा आकडा ऑइल किती पातळ-दाट आहे एवढंच सांगतो: डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला. ऑइलमध्ये काय मिसळलंय, ते त्यावरून कळत नाही. ते सांगतं एसीईएचं, म्हणजे युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांच्या संघटनेचं, अक्षर.

झीज रोखायला आणि आम्ल मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं घालतात. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि त्या धातूंची राख होऊन डीपीएफमध्ये जाते. काजळी साधारण ६०० अंशांना जळून साफ होते. राख मात्र आधीच जळून उरलेली असते, ती कशानेच जळत नाही. सी३ ऑइलमध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ए३/बी४ मध्ये तिच्या जवळपास दुप्पट चालते. फरक हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये दिसत नाही, म्हणूनच ‘मी तर टाकतो, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. राख साठत गेली की काजळीला जागा कमी उरते, फिल्टर वारंवार स्वतःला जाळून साफ करू लागतो आणि शेवटी तो उतरवून धुवावा किंवा बदलावा लागतो.

सी३ च्या जागी सी२ सुद्धा परस्पर टाकू नये. राख दोन्हींत कमीच, पण सी२ तापून दाबाखाली आल्यावर जास्त पातळ पडतं. ते ज्या इंजिनाला चालतं त्याच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं.

डब्याची मागची बाजू वाचा. एमबी (मर्सिडीज-बेंझ) २२९.५१ किंवा व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०७.०० असे गाडी बनवणाऱ्यांचे क्रमांक तिथे असतात. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे त्या कंपनीने ऑइल तपासून मंजूर केलंय. ‘साठी योग्य’ हे ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं. पुस्तिकेतला क्रमांक पहिल्या प्रकारात सापडला, की पुढे कोणता ब्रँड घ्यायचा हा तुमच्या आवडीचा प्रश्न.

गाडी जुनी आहे, डीपीएफ नाही. मग जास्त दाट ऑइल टाकलं तर इंजिन टिकेल ना?

पुस्तिकेत तापमानाप्रमाणे तक्ता असतो. त्यात १५डब्ल्यू-४० असेल तर जरूर टाका, नसेल तर नको. दाट ऑइल गार इंजिनात वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज तेव्हाच जास्त होते. पिस्टनच्या घासलेल्या रिंगा दाट ऑइलने भरून येत नाहीत, फक्त आवाज जरा दबतो. टायमिंगचा पट्टा ऑइलमध्येच फिरत असेल, तर दिलेल्या क्रमांकाखेरीज दुसरं ऑइल अजिबात नको. चुकीच्या ऑइलने पट्टा फुगतो, त्याचा चुरा सुटतो आणि ऑइल ओढणारी खालची जाळी तुंबून ऑइलचा दाबच पडतो.

ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी सुरू केली, तर फिल्टरपाशी जोरात धार लागली. फिल्टर हाताने घट्ट बसवला होता.

दहापैकी नऊ वेळा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली असते. ती काळी, बसायची जागाही काळी, टॉर्चशिवाय दिसत नाही. तिच्यावर नवी रिंग बसली की एकावर एक दोन रबरं होतात. आवळताना घट्ट लागतात, दाब आला की सरकतात. गाडी लगेच बंद करा, फिल्टर काढा, बसायची जागा नखाने फिरून तपासा. जुना फिल्टर उतरला की त्याच्या तोंडावर रिंग आहे का, हे बघितल्याशिवाय तो बाजूला टाकायचा नाही.

नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हाताने, पाना नको. नेमकं माप फिल्टरवर छापलेलं असतं. वरून झाकण असलेला कागदी फिल्टर असेल, तर ऑइल सोडायचा खालचा ड्रेन नट उघडण्याआधी झाकण सैल करा. हवा मिळाली की फिल्टरच्या भांड्यातलं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं.

ड्रेन नटाचं वायसर दर वेळी नवं घ्या. तांब्याचं वायसर एकदा दबलं की कडक होतं; त्याच वायसरवर गळती थांबवायला माणूस जास्त आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. नट आधी बोटांनी तीन-चार फेरे बसवा, मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाला.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड लावा, चाकांना अडण द्या.

पुस्तिकेत ७ लिटर दिलंय. ७ ओतलं, तर डिपस्टिकवर खूण ओलांडली.

बहुधा जुनं ऑइल पूर्ण निथळलं नव्हतं. गार इंजिनातून काढलं, किंवा गाडी तिरकी होती. दहा मिनिटं चालवून, कोमट असताना, सपाट जागी काढावं. भरताना लिटरभर कमी ओता, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून थोडं थोडं वाढवा.

जास्त झालेलं काढलंच पाहिजे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा खालचा फिरता दांडा, ऑइलला आपटला की फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. जादा ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेच्या वाटेला लागलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटू शकतं, चावी बंद केली तरी. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून पंपाने काढा, नाही तर नट सैल करून थोडं सोडा.

दोन दिवसांत नवं ऑइल काळं पडलं. नकली निघालं का?

नाही. आत उरलेलं जुनं ऑइल आणि काजळी, दोन्ही नव्यात मिसळतात. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगापेक्षा पातळी बघत जा. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफची सफाई अर्धवट राहतेय. त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतंय. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या व्हॅनमध्ये हे नेहमीचं. अशा वेळी किलोमीटर भरायची वाट न बघता ऑइल बदला.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं?

बंद कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळलं तर ते सहसा कोणी घेत नाही. गटारात, मातीत नको. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागणं कर्करोगाच्या दृष्टीने घातक आहे.