फाशी कायम झाली की लगेच का देत नाहीत?

प्रश्न: सेशन्स कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, सगळ्यांनी बघून फाशी कायम केल्यावर अजून कसली वाट बघायची? तीन-तीन कोर्टं चुकतात का कधी? – एक वाचक, संगमनेर

उत्तर: चुकतात हो, आणि आपल्याच महाराष्ट्रात चुकलीत. 2003 ला नाशिककडे दरोडेखोर एका झोपडीत घुसले, घरातल्या पाच जणांना मारलं, बायकांवर अत्याचार केले, ऐकवत नाही इतकं भयंकर. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. 2006 ला सेशन्सने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली तर 2009 ला सुप्रीम कोर्टाने त्यांचीही परत फाशी केली. म्हणजे तुम्ही म्हणता तसं केलं असतं तर तेव्हाच सहा जण लटकले असते. पुढे रिव्ह्यू पिटिशन (निकालाचा फेरविचार करा असा अर्ज) पुन्हा ऐकायला घेतली आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

झालं काय होतं बघा. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार गुन्हेगार ओळखले होते, मॅजिस्ट्रेटने तसा जबाबही घेतला होता, आणि ते चौघं या सहांपैकी कुणीच नव्हते! पोलिसांनी त्या चौघांना हातसुद्धा लावला नाही आणि तो जबाब दाबून ठेवला. आता सरकारी पक्षच कागद पुढे आणणार नाही, आरोपीकडे चांगला वकील करायला पैसे नाहीत, मग वरच्या कोर्टात जाऊन तरी काय, तीच अर्धवट फाईल तिघांनी वाचली. तीन कोर्टं म्हणजे तीनदा तपास असं आपण धरून चालतो, पण तपास एकदाच होतो, तोही पोलीस करतात.

या सहा आरोपींपैकी एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही फाशी कायम झाल्यावर समोर आलं. कोर्टाने प्रत्येकाला 5 लाख भरपाई द्यायला लावली, पण तोवर 16 वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या सावटाखाली.

तुमचा राग मला कळतो, असले गुन्हे वाचून माझंही रक्त खवळतं. पण ज्या बाईसाठी आपण चिडतो तिनेच दाखवलेल्या चौघांचा तपास करा असं सांगायला सुप्रीम कोर्टाला 2019 उजाडावं लागलं, आणि तोवर सगळे समजत होते की तिला न्याय मिळालाय.