लँडस्केप आर्किटेक्चरच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी कोकण किनाऱ्यावरची कोणती साइट घ्यावी?

तुमच्या मनात एखाद्या बीचचा विकास आहे आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर बीच सोडा. प्रोमेनेड, सुरूची रांग, खाण्याच्या टपऱ्या हे सगळं ज्युरीने दरवर्षी पाहिलेलं असतं. त्यात सुरू मुळात इथलं झाड नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे ही बनं कशी आडवी झाली ते लोकांच्या अजून लक्षात आहे.

मी असतो तर अलिबाग-पेणचा खारेपाट घेतला असता, धरमतर खाडीच्या काठची खाजण, म्हणजे भरतीच्या पातळीतली खारी जमीन. बघायला सपाट, रिकामी. फोटोत काहीच येत नाही. पण ही अख्खी जमीन माणसांनी बांध घालून खाडीकडून घेतलेली आहे. बांधात जागोजागी उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार असतं. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला वरून टांगलेली. भरती चढली की पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा रेटा ती उघडतो. ना मोटर, ना वीज. ही एक उघाडी नीट मोजून काढलीत तरी अर्धं साइट ॲनालिसिस झालं म्हणा.

खरा पेच पुढे आहे. खेकड्यांच्या बिळांतून बांध पाझरायला लागतो, एखाद्या उधाणाला खांड जाते म्हणजे बांध फुटतो, खारं पाणी भातखाचरात शिरतं. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर तिथे कांदळवन उगवतं. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच, पण कांदळवन आलं की जमीन सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारा नियमनाच्या सगळ्यात कडक पट्ट्यात जाते, आणि ते हजार चौरस मीटरच्या वर असेल तर भोवती पन्नास मीटरचा बफरही लागतो. कांदळवन वाचवण्याच्या २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर त्याला हात लावणं आणखी अवघड. तेव्हा तुमच्या प्रोजेक्टचा प्रश्न असा ठेवा: कुठला बांध दुरुस्त करायचा आणि कुठला खाडीला परत द्यायचा? दोन्हीकडचं भांडण खरं आहे, त्यामुळे डिझाइनला वजन येतं. शेतकऱ्याची बाजू हलक्यात घेऊ नका. अलिबागजवळच्या चरी गावचा १९३३ ते १९३९ चा शेतकरी संप याच पट्ट्यातला.

ड्रॉइंगमध्ये प्लॅनपेक्षा सेक्शनवर भर द्या. डोंगर, गावठाण, खाचरं, जिताडा माशाचं तळं, बांध, कांदळवन, खाडी असा एक सलग छेद. जमीन इतकी सपाट की उभी स्केल दहापट ताणल्याशिवाय काही दिसणार नाही. त्यावर उधाणाची (सगळ्यात मोठी) आणि भांगाची (सगळ्यात लहान) अशा दोन्ही भरतीच्या रेषा हव्यात. इथे एक गोची असते: भरती-ओहोटीच्या तक्त्यातला शून्य आणि सर्व्हेच्या नकाशातला शून्य एक नसतो, मुंबईजवळ सुमारे अडीच मीटरचा फरक पडतो. तो न धरता रेषा मारली तर अख्खं गाव पाण्याखाली दिसतं, आणि मग ज्युरी दुसरं काही बघतच नाही.

झाडांची यादी शेवटी करा. तिवर हे कांदळवनातलं झाड कुठे, भात कुठे, हे तुमच्या आवडीपेक्षा पाण्याच्या पातळीवर आणि खारेपणावर ठरतं.

साइट व्हिजिट डिसेंबरात उरकू नका. जुलै-ऑगस्टच्या अमावास्या-पौर्णिमेला जा, पूर्ण भरतीच्या वेळी बांधावर असा. भरतीच्या वेळेचा जुना हिशोब तिथला कोणीही सांगेल: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता, असा ढोबळ. पोयनाडपर्यंत एसटी मिळते. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, बांधावरचा वारा छत्री टिकू देत नाही.