एसीचा भाव पडायची वाट बघू का?

ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका वाचकाचा मेल आलाय. पोराच्या खोलीत दीड टनाचा एसी घ्यायचाय, ब्राउझरमध्ये कीपा (जुन्या भावांचा ग्राफ दाखवणारं आणि भाव पडला की अलर्ट देणारं एक्स्टेन्शन) टाकलंय, आजचा भाव ३६,५००, ग्राफमधला सगळ्यात कमी ३४,२००, तर थांबू की घेऊ? अशा अलर्टमुळे वर्षात ९,००० वाचले म्हणे, त्याची एसआयपी केली तर ५ वर्षांत लाखभर होतील ना? आणि शेवटी जाता जाता दोन वाक्यं. कार्डावर ९६,००० बाकी आहेत "पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो" (म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम), त्यातले ५०,००० बँकेतल्या मॅडमनी दिलेल्या गॅरंटीड पॉलिसीचा हप्ता, कागद येऊन तीन आठवडे झालेत.

अहो, एसी राहू दे बाजूला!

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडेसे कापून बाकी पैसे परत मिळतात. तुमच्याकडे आठवडा आहे, म्हणून हे तुम्हाला मेलवर आधीच कळवलंय. थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या, मॅडमना भेटायला जाऊ नका, त्या चहा पाजतील आणि महिना संपेल. अशा पॉलिसीचा हिशोब मांडला की साडेपाच-सहा टक्क्यांच्या आसपास सुटतात, आणि तुम्ही ती घेतलीय कार्डाच्या उधारीवर. असला हप्ता कार्डावर घालायला सांगणाऱ्या माणसाला मी तरी दारात उभं करणार नाही.

आता मिनिमम ड्यू. महिना साडेतीन टक्के धरा, ९६,००० वर ३,३६० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ४,००० झाले. तुम्ही भरता ५,०००. मुद्दल हजाराने कमी होतं, आणि पुढच्या महिन्यात परत तेच. वर्षाला ४४ हजाराच्या आसपास गेले, आणि तुम्ही एसीवरचे २,३०० वाचवायला रोज ग्राफ बघताय.

शिवाय बाकी पुढे ओढत असाल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. एसी त्याच कार्डावर घेतला तर महिन्याला दीड हजार अजून, दोन महिन्यांत तुमचा "सगळ्यात कमी भाव" धुऊन निघाला.

७ टक्क्यांची लाखाची एफडी आहे म्हणता, इमर्जन्सीसाठी ठेवलेली. हीच इमर्जन्सी. मोडा, थोडी पेनल्टी लागेल ती लागू दे, कार्ड शून्यावर आणा. पॉलिसीचे पैसे परत आले की त्यातून परत एफडी सुरू करा.

लाखाचं स्वप्न पण सोडा. महिना ७५० ची एसआयपी, १२ टक्के मिळाले असं समजलं तरी ५ वर्षांत साठेक हजार. आणि ते ९,००० आहेत कुठे? खात्यात तर नाहीत. त्यातले बरेच अलर्ट वाजला म्हणून घेतलेल्या एअर फ्रायरसारख्या गोष्टींवरचे असणार. हनी नावाचं असलंच फुकट एक्स्टेन्शन पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतलं, २०२० मध्ये व्यवहार पुरा झाला. तुम्ही खरेदी केलीत की यातल्या बऱ्याच जणांना दुकानाकडून कमिशन मिळतं, मग ते तुम्हाला "आज काही घेऊ नका" कशाला सांगतील?

ग्राफ वाईट नाही, वाचायला यायला हवा. कीपा अ‍ॅमेझॉनचे भाव दाखवतं. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे ४० हजाराचा एसी कुणी काही न करता ३७ च्या आसपास यायलाच हवा होता. ग्राफमधली ती उतरण कंपनीची मेहेरबानी नाही. तुमचा ३४,२०० त्या तारखेच्या आधीचा असेल तर तो खरंच स्वस्त होता, नंतरचा असेल तर त्यात फार काही नाही.

कार्ड शून्य झालं की एसी घ्या, डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने. त्याआधी एकदा नौपाड्यात गोखले रोडला जा, दुकानदाराला मोबाइलवर तो भाव दाखवा आणि बसवण्याची मजुरी, तांब्याचा पाइप, स्टँड सगळं धरून किती ते विचारा. ऑनलाइन भावात बहुतेक वेळा हे धरलेलं नसतं.