अलास्का ते अर्जेंटिना सायकल प्रवास मध्येच थांबवून ग्वाटेमालात एखाद्या घरी राहून स्पॅनिश शिकावं का?

थांबा. बिनधास्त महिनाभर थांबा.

तुम्ही लिहिलंय की मेक्सिकोतल्या ओआहाकापर्यंत 'ओला' (नमस्कार) आणि 'ग्रासियास' (आभार) यांवर निभावलं, आता थांबलो तर लय मोडेल, पाय आखडतील, आणि अ‍ॅप आहेच की हाताशी. हे तिन्ही मुद्दे मी एका मित्राच्या तोंडून अख्खा मेक्सिको पार होईपर्यंत ऐकलेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

हा मित्र आमच्या पुण्याच्या सायकल ग्रुपमधला, 'थांबला तो संपला' पंथाचा. रोजचे किलोमीटर वहीत, महिन्याची बेरीज व्हॉट्सअ‍ॅपवर. अर्जेंटिनापर्यंत इंच न इंच सायकलवरच जायचं, गाडीला हातसुद्धा लावायचा नाही, हा त्याचा नियम. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही ला मेसियाच्या नाक्यावरून ग्वाटेमालात शिरलो आणि वेवेतेनांगोमार्गे केत्सालतेनांगोला पोचलो. या गावाला तिथे सगळे शेलाच म्हणतात. मी शाळेत नाव घातलं. "बस तू अंगणवाडीत," असं म्हणून तो कुचुमाटानेसचे डोंगर, नेबाख, कोबान असा फेरा मारायला निघून गेला. महिनाअखेरीला आतित्लान तळ्याकाठी पानाहाचेलला भेटायचं ठरलं.

शाळा म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज पाच तास, समोर एक शिक्षिका आणि आपण एकटे. लपायला जागाच नाही. पहिल्या आठवड्यात डोकं भणभणतं. आपल्या लोकांचं एक बरं असतं: त आणि द तोंडात तयारच असतात, आणि 'जात होतो' व 'गेलो' यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा अमेरिकन दोन भूतकाळांपायी रडकुंडीला आला होता. स्पॅनिशमध्ये मेज स्त्रीलिंगी का, हे मात्र आपल्यालाही पाठच करावं लागतं.

राहायला मी एका विधवा बाईंच्या घरी होतो. मी त्यांना दोन्या म्हणायचो, म्हणजे आपल्याकडचं 'बाईसाहेब'. थोरला मुलगा अमेरिकेत छप्परं घालायच्या कामावर, धाकटी इथेच नर्सिंग शिकणारी. दर गुरुवारी दोन्या पाचेस विकायच्या. शेलात गुरुवार पाचेसचा, हे ठरलेलं. बटाटे उकडून त्यांचा लगदा करायचा, त्यात टोमॅटो, भाजलेल्या मिरच्या आणि भोपळ्याच्या बियांचं लालभडक वाटण घालायचं, मध्ये मांसाचा तुकडा ठेवून रुंद पानात गुंडाळायचं, लव्हाळ्याच्या पातीने बांधायचं आणि वाफवायचं. आपल्या पातोळ्यांची तिखट बहीणच. माझ्याकडे पानं पुसायचं काम होतं. दोन्ही बाजूंनी, शिरेला धक्का न लावता. पान फाटलं की दोन्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं ते उचलून माझ्यासमोर ठेवायच्या.

तिथे माझं तोंड सुटलं. पाचेस न्यायला येणाऱ्या बायका मला विचारायच्या: घरी आई एकटी आहे का, तिला सोडून कसा आलास, काल कुठे गेला होतास, लग्न का नाही झालं. प्रत्येक उत्तर भूतकाळात, आणि दहा जणींपुढे. चुकलं की धाकटी फिस्सकन हसायची, तोवर दुसरी बाई बरोबर वाक्य पुरवून मोकळी. कोणतं अ‍ॅप हे करणार आहे? अ‍ॅप तुम्हाला 'मुलगा सफरचंद खातो' शिकवतं. त्या मुलाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

मग ऑक्टोबर लागला. ऑगस्टमध्ये बेर्नार्दो आरेव्हालो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले होते आणि महाभियोक्ता कोन्सुएलो पोर्रास यांचं कार्यालय तो निकालच उधळू पाहतंय, असा लोकांचा संताप होता. त्यांनी राजीनामा द्यावा म्हणून तोतोनिकापानच्या '48 कान्तोनेस' या आदिवासी पंचायतीच्या हाकेवर 2 ऑक्टोबरपासून देशभर रस्ते अडवले गेले. शेलातून तळ्याकडे जायचं तर क्वात्रो कामिनोसचा चौक लागतो, तोही बंद. गावात गॅस मिळेना. दोन्यांनी मागच्या अंगणात चूल मांडली आणि गुरुवार चुकवला नाही. रात्री जेवताना टीव्हीवरच्या बातम्यांवर घरात वादावादी चालायची. ती मला कळत होती. निम्मी का होईना, कळत होती.

तिकडे पानाहाचेलला पोचलेल्या मित्राचे मेसेज सुरू झाले: दंगल आहे, हललास तर मरशील, दूतावासांच्या सूचना वाच. मी दोन्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, गाड्या अडवतात, पायी जाणाऱ्याला सोडतात, तू उतरून चालत जा आणि नीट नमस्कार कर. म्हणून बंद चालू असतानाच मी निघालो.

क्वात्रो कामिनोसला आडवे लावलेले ट्रक, प्लास्टिकच्या ताडपत्र्या, मोठमोठ्या पातेल्यांत शिजणारे काळे घेवडे. मी उतरलो, नमस्कार केला. हातात अधिकाराची काठी असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठला? भारतातला. कुठे निघालास? सांगितलं. मग म्हणाला, तुमच्याकडे लोक रस्ता अडवतात का? आता हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. मी दिल्लीच्या वेशीवरचे शेतकरी सांगायला घेतले: 2020 च्या नोव्हेंबरात आले, थंडीत ट्रॉल्यांमध्ये झोपत होते, तिथेच स्वयंपाक करत होते, वर्षभर उठले नाहीत, शेवटी सरकारने कायदे मागे घेतले. दोन्ही भूतकाळ कामी आले. म्हातारा आजूबाजूच्यांना ते किचे या त्यांच्या माया भाषेत सांगत होता. त्यांच्यातल्या पुष्कळांची स्पॅनिश ही दुसरीच भाषा, त्यामुळे ती सावकाश आणि स्वच्छ बोलतात. शिकाऊ माणसाला याहून चांगले श्रोते नाहीत. कॉफी झाली, तामालितो म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा झाला, ट्रकच्या फटीतून सायकल त्यांनीच उचलून पलीकडे दिली.

पुढे पॅन-अमेरिकन महामार्ग रिकामा. तुम्ही अलास्काहून निघालात ना, या रस्त्यावर अलास्का नावाचाच एक घाटमाथा आहे, तीन हजार मीटरवर. एरवी तिथे जुन्या अमेरिकन स्कूलबसच्या रंगवलेल्या कामियोनेता काळा धूर सोडत अंगावर येतात. त्या दिवशी मी चढ रस्त्याच्या मधोमध, नागमोडी चालवत चढलो. लोस एन्क्वेन्त्रोसला पुन्हा अडवणूक, पुन्हा तोच संवाद, आता तर पाठच झाला होता. मग सोलोलावरून तळ्याकडे उतार.

मित्र हॉटेलच्या खोलीत फोन चार्जिंगला लावून बसला होता. 'सोडतात रे सायकलवाल्याला' हे मी परोपरीने सांगितलं. पटलं नाही. रस्ते खुले होऊ लागले तेव्हा साहेबांनी सायकल एका टुरिस्ट व्हॅनच्या टपावर बांधली आणि राजधानी गाठली. इंच न इंच! मी मात्र जिथे थांबलो होतो तिथूनच पुढे पेडल मारलं, म्हणजे त्याच्याच नियमाने माझी रेघ सलग आहे.

बरं, तुमचे प्रश्न. पाय आखडत नाहीत. शनिवारी सुनिलवरून फुएन्तेस होर्हिनासच्या गरम कुंडांपर्यंत चढून या, आखडलेत की नाही ते कळेल. गाव कोणतं? अँटिग्वा देखणं आहे, पण तिथे इंग्रजीवर दिवस निघतो, त्यामुळे शिकायला नकोच. तळ्याकाठचं सान पेद्रो पार्ट्यांसाठी ठीक. शेलाला जा. 2,300 मीटरवर आहे, घरात हीटर नसतो, थंडीचे कपडे पोस्टाने घरी पाठवू नका. शाळेला आधीच सांगा की ज्या घरी दुसरा परदेशी विद्यार्थी नाही असंच घर द्या, नाहीतर जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच चालतं. पावसाळा मे ते ऑक्टोबर, पाऊस बहुतेक दुपारचा, सकाळच्या तासांना त्याचा त्रास नाही.

शाकाहारी असाल तर 'मांस खात नाही' एवढं पुरत नाही, कोंबडी वाढतील. कोंबडीचं नाव घेऊन नाही म्हणा. आणि सगळीच घरं माझ्यासारखी मिळतील असं नाही. काही ठिकाणी ताट ठेवून लोक टीव्हीसमोर जातात. तसं झालं तर आठवड्याभरात घर बदलून मागा, शाळांना त्याची सवय आहे.

एक हिशोब मात्र करून ठेवा. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांचा 2006 पासूनचा सीए-4 करार आहे. ग्वाटेमालाचा शिक्का बसला की चौघांत मिळून 90 दिवस. व्हिसाचं ज्या त्या देशाचं वेगळं पाहावं लागतं. महिना शेलात गेला तरी उरलेल्या दोन महिन्यांत कोस्टा रिकाची हद्द सायकलने आरामात येते. माझा मित्र याच 90 दिवसांकडे बोट दाखवून थांबू नका म्हणेल. त्यातले किती दिवस पानाहाचेलच्या खोलीत गेले, हे त्याच्या वहीत आहे, तेवढं विचारून घ्या.