ट्रेलर ओढताना फिफ्थ व्हील (ट्रेलर जोडण्यासाठी पुढच्या गाडीवर असलेली प्लेट) खडखडते, काय करावे?
आधी ढिलाई कुठे आहे ते पकडा. ट्रेलरचे ब्रेक लावून पुढची गाडी हळूच पुढे-मागे करा, दुसऱ्याने अंतर राखून बाजूने पाहावे. प्लेटच हलत असेल तर माउंटिंग बोल्ट किंवा ब्रॅकेटचे बुश तपासा. किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची पिन) प्लेटच्या जबड्यात, म्हणजे लॉकमध्ये, हलत असेल तर ट्रेलर सोडवून पिनची जाडी मोजा: 2 इंची नवी पिन 50.8 मिमी असते, 49 पर्यंत झिजली की बदलाच. वेल्डिंगने ती भरून घेऊ नका, पोलादाचे पाणी उतरते आणि पिन तुटू शकते. पिन चांगली असेल तर लॉकचा ॲडजस्टिंग बोल्ट थोडा थोडा आवळा. जास्त आवळल्यास लॉक पूर्ण बसत नाही, ते खडखडण्यापेक्षा घातक. फक्त वळणावर करकर होत असेल तर प्लेट कोरडी आहे, जुने ग्रीस खरवडून नवे लावा.